हरेश, तुझं सॉफ्टवेअर बरोबर होतं

हरेश,

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती. मग मी निवृत्त झालो, आणि वाटलं की आता कुठे जुनं उकरायचं. मग तुझा आजार आला, आणि आजारी माणसाला असलं काही सांगू नये, असं मी स्वतःला समजावलं. आता तू नाहीस. म्हणजे ते कारणही संपलं.

परवा कारखान्यातल्या जुन्या लोकांनी तुझी शोकसभा घेतली. सगळे चांगलं बोलले. तू लोकांचे मोबाइल दुरुस्त करून द्यायचास, थंडीत सगळ्यांना पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत बोलावून मडक्यात भाजलेल्या भाज्यांची उकडहंडी घालायचास, हे सगळं निघालं. मग एक जण म्हणाला, "हरेश हुशार होता, पण त्या सर्व्हरच्या भानगडीत चुकला आणि तिथून खचला." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मान हलवून झाल्यावर मला कळलं की मी काय केलं. घरी आलो आणि ठरवलं की हे लिहायचं आणि आपल्या जुन्या कामगारांच्या अंकात द्यायचं, म्हणजे ज्यांनी माना हलवल्या तेच वाचतील.

तू असतास तर इथेच मला थांबवलं असतंस. "नाना, आदी लोकांना कळू द्या, शटडाऊन म्हंजे काय. तुमी एकदम मदीच सुरू करता." म्हणून आधी ते सांगतो, तुझ्याच पद्धतीने.

आपल्या कारखान्यात एक एसीची खोली होती. तिथे दोन मोठी मशीनं होती. त्या मशीनांच्या पोटात आठ-दहा सर्व्हर होते. ते दिसायचे नाहीत, हात लावता यायचा नाही, पण प्रत्येकाला वाटायचं की आपण एक पूर्ण कॉम्प्युटर आहोत. लॅबचे निकाल एकावर, मालाच्या पाठवणीचा हिशेब दुसऱ्यावर, हजेरी तिसऱ्यावर. या सगळ्यांना एका मशीनच्या पोटात नांदवणारं जे सॉफ्टवेअर असतं, त्याला तुम्ही लोक प्लॅटफॉर्म म्हणायचात. वीज गेली की यूपीएसच्या बॅटऱ्या थोडा वेळ तग धरायच्या. त्या संपायच्या आत हे सगळे सर्व्हर एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने, हातातलं काम जपून ठेवून बंद व्हायला हवेत. एकदम वीज तुटली तर आतली माहिती फाटते. ते शिस्तीत बंद करणारं एक वेगळं सॉफ्टवेअर होतं. यूपीएस त्याला एका निळ्या नेटवर्क वायरीतून कळवायचा की वीज गेली, आता इतकाच वेळ आहे. मग ते कामाला लागायचं.

यूपीएस आणि जनरेटर माझ्याकडे होते. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा. सॉफ्टवेअर तुझ्याकडे, तू कॉम्प्युटर विभागाचा. तुझ्या-माझ्या खात्यांना जोडणारी काय ती एक वायर.

आपली मैत्री त्या वायरीवरूनच झाली, म्हणजे भांडणावरून. तारापूरला शुक्रवार हा आपला रविवार. कारखाने बंद, बाजारात गर्दी, वीज कंपनीची दुरुस्तीही त्याच दिवशी. मी जनरेटरची चाचणी शुक्रवारी घ्यायचो. मेन स्विच खाली पाडायचा, बॅटऱ्या किती वेळ टिकतात ते बघायचं, मग जनरेटर चालू होतोय का ते बघायचं. सॉफ्टवेअरला ही खरीच आपत्ती वाटू नये म्हणून चाचणीआधी मी यूपीएसच्या मागची निळी वायर उपसायचो, आणि झाल्यावर परत खोचायचो. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. मला कोणी शिकवलं नव्हतं, माझ्या आधीचे साहेब करायचे तसं मी करायचो.

एका सोमवारी तू माझ्या केबिनमध्ये आलास. नवीनच होतास. मोठ्या साहेबांपुढे शुद्ध मराठी बोलणारा तू माझ्यासमोर कधी घरचं बोलायला लागलास ते आठवत नाही, पण त्या दिवशी तरी तसंच बोललास.

"नाना, तुमी शुक्रवारी वायर काढता ना, तवा मोठ्या साहेबांना मेल जातो. यूपीएसशी संपर्क तुटला म्हणून. त्यांनी मला जेवताना फोन केला."

"मग तो मेल बंद कर."

"मेल कशाला बंद करायचा? तुमी वायर काढायची बंद करा. मी स्क्रीनवर एक टिक देतो. ती काढा, टेस्ट करा, परत लावा. कुटं वाकायला नको, काय नको."

"मला तुझी टिक दिसत नाही. वायर हातात असली की मला कळतं, ती काढलेली आहे."

"आनि हातातली खाली ठेवलीत तर?"

"खाली ठेवणारा मी नाही."

तू हसलास. पण मेल बंद केलास. माझ्या म्हणण्याखातर. हे मी मुद्दाम इथे लिहितोय, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तुझ्या या उपकारात आहे आणि मी त्याची वाट लावली.

त्यानंतर काही वर्षांनी जुन्या प्लॅटफॉर्मच्या कंपनीने आपल्या अटी बदलल्या आणि आपल्या लोकांनी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जायचं ठरवलं. सर्व्हर हलवायला मुंबईहून एका कंपनीची मुलं आली. शटडाऊनचं सॉफ्टवेअर मात्र तुझ्या गळ्यात घातलं, किरकोळ काम म्हणून. मी तुला विचारलं, किरकोळ आहे का रे? तू म्हणालास, "नाना, असं समजा, वाडी विकली. माडं तीच, विहीर तीच. मालक नवा. आता वाडीला पाणी सोडनारा जो गडी हाय, त्याला जुन्या मालकाची भाषा येते, नव्याची नाय. त्याला सगळं पयल्यापासून शिकवायचं. कुटचा पाट आदी बांधायचा, कुटचा मागून."

तू ते शिकवलंस. जुना प्लॅटफॉर्म हाक मारली की ओ द्यायचा, नवा देत नव्हता. त्याच्या परवानग्या वेगळ्या, हुकूम वेगळे. जो सर्व्हर आधी बंद व्हायला हवा तो शेवटी व्हायचा, कधी एखादा बंद व्हायलाच तयार नसायचा. तू डबा खाताना कागदाच्या पिशवीवर क्रम लिहायचास आणि खोडायचास. तुझी बायको नीलिमा मला नंतर म्हणाली होती की त्या दिवसांत तू पानवेलींना पाणी घालतानाही तोंडाने काहीतरी पुटपुटायचास.

एका गोष्टीवरून तुझं त्या मुंबईच्या मुलांशी वाजलं. ते म्हणत होते, हे सॉफ्टवेअरही त्याच मोठ्या मशीनमध्ये ठेवा, सगळीकडे तसंच असतं. तू ऐकलं नाहीस. "जो सगळ्यांना झोपवतो तो सगळ्यात शेवटी झोपला पाहिजे. तोच आत झोपला तर बाकीच्यांना कोण बघणार?" स्टोअरमध्ये पडलेला एक जुना कॉम्प्युटर तू उचलून आणलास, त्याचा पंखा टूथब्रशने साफ केलास आणि सॉफ्टवेअर त्याच्यावर, बाहेर ठेवलंस.

खरी चाचणी एका शुक्रवारी झाली. मोठे साहेब उभे होते. त्या दिवशी वायर काढायची नव्हती. मी मेन स्विच खाली पाडला. तू शाळेतल्या मुलासारखा हात मागे बांधून पडद्यासमोर उभा होतास. एकेक हिरवा ठिपका करडा होत गेला, तू कागदावर लिहिला होतास त्याच क्रमाने. शेवटचा गेला आणि मोठ्या मशीनांचा आवाज थांबला. बॅटऱ्यांत अजून बराच जीव होता. साहेबांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. ते गेल्यावर तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "नाना, झोपली सगळी पोरं." मग तू वडे आणलेस आणि आपण जनरेटरच्या खोलीत बसून खाल्ले. आपला जनरेटर ऑपरेटर रामआसरे तेव्हा म्हणाला होता, "हरेश साब, हमको भी ऐसा कुछ लगा दो, टाइम पे सुला दे." तुझं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

त्याच दिवशी तू परत मेलचा विषय काढलास.

"नव्यात मी तो मेल चालू ठेवतो."

"म्हणजे दर शुक्रवारी परत तेच. साहेब तुला जेवताना फोन करणार, तू मला करणार."

तू विचार केलास. "बरं. तुमच्यासाठी बंद ठेवतो. पन एक करा. वायर काढलीत की मला एक मिस्ड कॉल द्या. परत लावलीत की दुसरा. दुसरा नाय आला तर मी समजंन."

मी हो म्हणालो. काही शुक्रवार दिलेही दोन्ही मिस्ड कॉल. मग कधी फोन वर राहायचा, कधी हात काळे असायचे. एकदा दोन्ही द्यायचे राहिले, तू काही बोलला नाहीस. पुढे मी देणंच सोडलं. तू एकदाही विचारलं नाहीस. तुझा माझ्यावर विश्वास होता.

आता तो शुक्रवार. कडक उन्हाळा होता. मी वायर काढली, यूपीएसच्या पेटीवर ठेवली आणि मेन पाडला. जनरेटर चालू झाला, पण खोकत खोकत, दोन-तीनदा बटण दाबल्यावर. रामआसरे म्हणाला, "साब, स्टार्टर का बैटरी बैठ गया है." मग आम्ही दोघं त्या बॅटरीच्या मागे लागलो. तिच्यात पाणी घातलं, टोकं घासली, चार्जरला लावली. नवीन बॅटरी मागवायला सांगितली, ती सोमवारी येणार होती. दुपार झाली. रामआसरेला गावी जाणाऱ्या कोणाला तरी स्टेशनवर सोडायचं होतं. मी मेन वर केला, हात धुतले आणि जेवायला घरी गेलो. वायर पेटीवरच राहिली.

रविवारी दुपारी औद्योगिक वसाहतीला वीज आणणारा फीडर गेला. जनरेटर चालू झाला नाही. मी आणि रामआसरे एका टेम्पोची बॅटरी काढून त्याला जोडायच्या खटपटीत होतो. मला जनरेटरची काळजी होती, सर्व्हरची अजिबात नव्हती. तू रजा घेऊन माहीमला होतास, शेजारच्या वाडीत बारसं होतं. कोणीतरी तुला फोन केला. तू म्हणालास, "घाबरू नका, ती आपोआप बंद होतील." असं तू किती शांतपणे म्हणालास ते त्या माणसाने नंतर सगळ्यांना हसून सांगितलं. मी तेव्हा तिथेच होतो.

यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या. सगळं एकदम गेलं.

वीज परत आल्यावर मी यूपीएसच्या खोलीत गेलो. पेटीवर ती निळी वायर गुंडाळी करून ठेवलेली होती, माझ्याच सवयीची गुंडाळी. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. बाहेर जिन्यावर तुझ्या चपलांचा आवाज आला, तू मोटरसायकल टाकून धावत वर येत होतास. मी काही ठरवलं नव्हतं. माझा हात पुढे झाला आणि मी वायर खोचली. तिचा छोटा दिवा लागला, तेवढ्यात तू दारात आलास. बारशाला घातलेला सदरा होता अंगात, घामाने पाठीला चिकटलेला.

"नाना, तुमच्या बाजूनं सगळं ठीक हाय ना?"

"हो," मी म्हणालो.

तू मागे जाऊन बघितलंस. वायर जागेवर होती. तू माझ्या खांद्याला हात लावून सर्व्हरच्या खोलीकडे पळालास.

त्या आठवड्यात बैठक झाली. बॅकअपवरून बरंच परत मिळालं होतं, पण मधल्या काळातले लॅबचे निकाल गेले होते, आणि परदेशी गिऱ्हाइकाची तपासणी तोंडावर आली होती. लॅबमधल्या मुलींना त्या चाचण्या पुन्हा करायला लागणार होत्या. मोठ्या साहेबांनी आधी मला विचारलं. मी सरळ उभा राहिलो आणि सांगितलं की जनरेटरची बॅटरी बसली होती, मला शुक्रवारीच कळलं होतं, त्याच दिवशी कुठूनतरी मिळवायला हवी होती, चूक माझी. साहेब म्हणाले, "ठीक आहे, मशीन आहे, होतं असं. तुम्ही कबूल तरी करता." हरेश, त्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि तिची मला अजून शिसारी येते. माणसाने सगळ्यांसमोर एक चूक कबूल केली की दुसरी कोणी विचारत नाही.

मग ते तुझ्याकडे वळले. "आणि तुमचं? जनरेटर नसेल तेव्हासाठीच तर ते सॉफ्टवेअर होतं ना?"

तू म्हणालास, "साहेब, मला कळत नाही. चाचणीला चाललं होतं."

तुझ्या त्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क त्या झटक्यात गेली होती. फिरतच नव्हती. त्यामुळे आत काय नोंद झाली होती ते बघायची सोय नव्हती. मुंबईच्या कंपनीचा माणूस म्हणाला की भंगारातल्या कॉम्प्युटरवर असलं काम टाकल्यावर दुसरं काय होणार. आधीच हँग झाला असेल. हे सगळ्यांना पटलं. तुलाही पटल्यासारखं वाटलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसलो होतो. त्या खोलीत मला एकच वाक्य बोलायचं होतं.

सर्व्हर तुझ्याकडून काढले. त्या कंपनीने शटडाऊनचं सॉफ्टवेअर मोठ्या मशीनच्या आत नेलं, तुला नको होतं तिथेच. तुझ्याकडे प्रिंटर, हजेरीचं यंत्र आणि कार्ट्रिज बदलणं राहिलं. तू तक्रार केली नाहीस. फक्त एक सवय लागली तुला. जरा दिवे मिचकले की तू हातातलं टाकून एसीच्या खोलीच्या काचेशी जाऊन उभा राहायचास. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून बाहेरूनच बघायचास. नवीन पोरं हसायची.

मी शुक्रवारची चाचणी पुढे चालू ठेवली, वायर मात्र पुन्हा कधी उपसली नाही. त्या कंपनीच्या माणसाकडून टिक काढायची शिकून घेतली. तुझं म्हणणं बरोबर होतं, कुठे वाकायला लागत नाही. हेही तुला सांगितलं नाही.

घरी तू दोन जुने कॉम्प्युटर मांडलेस आणि तेच सॉफ्टवेअर परत उभं केलंस. छोटा यूपीएस आणलास. मी वाडीत आलो की मला दाखवायचास. प्लग काढायचास, सगळं क्रमाने बंद व्हायचं. तू परत लावायचास, परत काढायचास.

"चालतं हो नाना. दर टायमाला चालतं. हेच मला खातं. न चालता तर बरं झालं असतं."

नीलिमा आतून ओरडायची, "आता पुरे करा, नानांना जेवू तरी द्या." तू जेवायला बसायचास, पण तुझं लक्ष तिकडेच असायचं. एकदा तू सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीलाही मेल केला होतास. त्यांचं उत्तर आलं की अशी अडचण आमच्या माहितीत नाही. ते तू मला वाचून दाखवलंस. मी म्हणालो, बघ, तेही सांगतात. काय सांगतात ते मला तेव्हा तरी माहीत होतं का? मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

माझ्या मोतीबिंदूच्या वेळचं तुला आठवत असेल. आमच्या हिला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते, मुलगा लांब होता. तू कामावरून सुटलास की माहीमला जायच्या आधी माझ्या घरी यायचास आणि डोळ्यात थेंब घालायचास. तुझ्या हाताला कार्ट्रिजच्या शाईचा वास असायचा, म्हणून साबणाने दोनदा धुवायचास. थेंब घालून झाले की मला डोळे मिटून पडून राहायला सांगायचास आणि शेजारी खुर्चीवर बसून दिवसभरातलं काहीबाही सांगायचास. मी डोळे मिटून ऐकायचो. समोरच्याचा चेहरा दिसत नसताना सांगणं सोपं असतं. मी रोज ठरवायचो. रोज तू "आता उघडा हळूच" म्हणायचास आणि मला तुझा चेहरा दिसायचा.

मी तुझ्याकडून हे सगळं घेतलं, हरेश. थेंब, जेवण, पानं, पेरू, दिवाळीला नीलिमाने दिलेला डबा. कोणी विचारलं असतं की घेतलंस कसं, तर मला उत्तर देता आलं नसतं. पण हेही खरं की मला ते सगळं आवडायचं, आणि तुझ्यावर माझं प्रेम खोटं नव्हतं. हे दोन्ही खरं असणं कसं जमलं ते मला वयाच्या या टप्प्यावरही नीट समजलेलं नाही.

काल वाडीत जाऊन मी तुझ्या मुलीला सगळं सांगितलं, हे लिहायचं मनात असल्याचंही. पूर्वाला. ती पुण्याला तुझ्याच क्षेत्रात आहे, तिला समजावून सांगायला लागलं नाही. पंपाच्या खोलीशी आम्ही उभे होतो. ती ऐकत राहिली. रडली नाही. मग तिने विचारलं, "पण काका, वायर काढल्यावर अलर्ट आला असणार. शुक्रवारपासून रविवारपर्यंत. तो कुणी बघितला नाही?"

"अलर्ट बंद होता."

"का?"

"मी सांगितलं होतं म्हणून. त्याने माझ्यासाठी बंद ठेवला होता."

तिने पंपाच्या खोलीची कडी लावली. मग म्हणाली, "म्हणजे बाबांचंही थोडं चुकलंच. असा अलर्ट बंद ठेवत नाहीत."

ती मला वाट करून देत होती. तुझीच मुलगी. मी ती घेतली नाही. म्हणालो, "नाही पूर्वा. त्याने मेल बंद केला तेव्हा त्याबदली माझ्याकडून एक शब्द घेतला होता. तो मी मोडला. त्याचं काही चुकलं नाही."

"बाबा माझ्या परीक्षेच्या वेळी मला म्हणायचे, आपलं उत्तर बरोबर आलं तरी परत तपास, मला बघ, मला वाटलं होतं बरोबर आहे." तिचा आवाज इथे जरा बदलला. "मी त्यांच्यावर चिडायचे. म्हणायचे, किती घाबरता."

मग तिने विचारलं, "आईला सांगितलंत?"

"आज सांगणार आहे."

"मी येते सोबत." मग पुढे चालत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि लिहिणार असाल तर लिहा. पण बाबांचं सॉफ्टवेअर बरोबर होतं, हे स्पष्ट लिहा. बाकी तुमचं तुम्ही बघा."

म्हणून स्पष्ट लिहितो. हरेशचं सॉफ्टवेअर बरोबर होतं. ते बाहेरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचा त्याचा निर्णय बरोबर होता. तो कॉम्प्युटर हँग झाला नव्हता, तो रविवारी दुपारी शेवटपर्यंत यूपीएसच्या निरोपाची वाट बघत जागा होता. निरोप गेला नाही, कारण वायर मी काढून ठेवली होती.

नीलिमाने ऐकून घेतलं आणि ती आत निघून गेली. चहा आला, पण तो पूर्वाने आणला. नीलिमा मला माफ करेल की नाही, ते मी विचारणार नाही.

एक भेट सांगायची राहिली. तुझी-माझी शेवटची. ती मी मुद्दाम मागे ठेवली, कारण तिथे मी दुसऱ्यांदा चुकलो, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिल्या वेळी मला विचार करायला वेळ नव्हता, निदान असं म्हणता येतं. या वेळी बोईसरच्या माझ्या घरापासून माहीमपर्यंत सगळा वेळ मी तेच वाक्य मनात म्हणत आलो होतो.

तू पडवीत खाटेवर होतास. पाय बारीक झाले होते, डोळे मात्र पूर्वीसारखेच. नीलिमा विहिरीकडे गेली होती. घरात आपण दोघंच. तू माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस, रामआसरे गावी सुखरूप आहे का विचारलंस. मी खुर्ची जवळ ओढली. म्हणालो, "हरेश, एक सांगायचं होतं."

आणि तू माझ्याआधी बोललास. "नाना, बाकी सगळं झालं माजं. पोर मार्गाला लागली, वाडी हाय, कोनाचं काय ठेवलं नाय. पन ते एक, माज्याकडून नेमकं कुटं चुकलं, ते आजून नाय कळलं."

तू माझ्याकडे बघत होतास. सहज, जसं आपण नेहमी बोलायचो तसं. तुला त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि उत्तर तुझ्या खाटेशेजारी बसलं होतं.

मी तुझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रे आता."

तू मान हलवलीस. डोळे मिटलेस. नीलिमा आली, तिने मला नारळ बांधून दिले, मी निघालो. रिक्षात बसलो तेव्हा परत फिरावं असं वाटलं. रिक्षावाल्याला थांबही म्हणालो. तो थांबला, "काय विसरलं काय?" म्हणाला. मी म्हणालो, नाही, चल.

त्या दिवशी खुर्ची ओढून मी जे म्हणायला आलो होतो, ते एवढंच होतं. हरेश, तुझ्याकडून काहीच चुकलं नाही. वायर मी काढली होती, परत लावायला विसरलो, आणि तू विचारलंस तेव्हा तुझ्या तोंडावर खोटं बोललो. तुझी इतकी वर्षं मी घालवली. मला माफ कर.